विहाराला प्लास्टर नको

नाचणे रोडला दर्शनाचं ऑफिस विचारलं तर कुणीही म्हणतं, "ती एसी न लावणारी आर्किटेक्ट ना?" सुरुवातीला हे तिला टोमण्यासारखं लागायचं. आता तीच तिची ओळख झाली आहे, आणि ती ओळख ती ऐटीत मिरवते. उन्हाळ्यात तिचं ऑफिस भल्या सकाळी उघडतं. डोक्याचं काम ऊन तापायच्या आत उरकतं. वर कौलं, पश्चिमेच्या खिडक्यांना बांबूचे तट्टे, आणि चुकलेल्या प्रिंटच्या पाठीवर पुढची रेखाटनं.

पावसजवळच्या तिच्या गावात नवा बुद्धविहार बांधायचा ठरला, तेव्हा नकाशा अर्थातच तिने काढला. उघड्या जांभ्या चिऱ्याच्या भिंती, उतरतं छप्पर, समोरासमोर खिडक्या, पागोळ्यांचं पाणी साठवायला टाकी. गावकऱ्यांना तो आवडला. अडलं मुंबईत स्थायिक झालेल्या गावकऱ्यांच्या मंडळापाशी; पैसा तेच उभा करणार होते. त्यांना दर्शनी भागाला काच हवी होती, आत एसी आणि चिऱ्यावर गुळगुळीत प्लास्टर. नाहीतर काम मुंबईच्या आर्किटेक्टकडे जाणार होतं. गावोगावची घरं बांधली आणि आपलाच विहार हातून जाणार, या विचाराने दर्शनाला चैन पडेना.

ऐन मे महिन्यात मंडळाचे अध्यक्ष, म्हणजे तिचे चुलतकाका सहदेव, स्वतःच ऑफिसात येऊन धडकले.

"काय गो बाय, एसी बंद पडलाय?" रुमालाने मान पुसत त्यांनी विचारलं.

"लावलाच नाही, काका. इथे खिडकीपाशी बसा."

काका बसले. बोलता बोलता रुमाल खिशात गेला, तो पुन्हा काही बाहेर आला नाही. दर्शनाने ते पाहिलं, पण बोलून दाखवलं नाही. काचेमागे हॉलची कशी भट्टी होईल, ते मात्र तिने नीट समजावलं. काकांची मान काही हलेना.

"तुझं बरोबर असेल गो. पण आम्ही मातीच्या भिंतीत वाढलो. पावसाळा आला की एखादी भिंत बसायचीच. आता विहाराचा चिराही उघडाच ठेवायचा? लोक म्हणतील, यांना अजून प्लास्टर परवडत नाय."

ओठावर आलेलं ऊन-वाऱ्याचं गणित दर्शनाने गिळलं. घोडं भलतीकडेच अडलं होतं.

"काका, तुमच्या लहानपणी गावात चिऱ्याचं घर कुणाचं होतं?"

"खोताचं. दुसऱ्या कुणाचं असणार?"

"त्याला प्लास्टर होतं?"

"खुळी काय तू? चिरेबंदी घर ते! तो चिरा झाकील कशाला? चार गावांना दिसावा म्हणून तर..." काका मध्येच थांबले.

 पुढचं त्यांचं त्यांनीच म्हणावं, असं दर्शनाला वाटलं.

"त्या घराचे चिरे माझ्या बापाने डोक्यावरून वाहिले," काका हळू आवाजात म्हणाले. "स्वतःसाठी एक नाय रचला."

त्यांनी नकाशा पुढे ओढला, भिंतींवरून बोट फिरवलं, आणि एकदम अध्यक्षांचा आवाज लागला. "सगळा चिरा एकाच खाणीतला घे. रंग जुळला पाहिजे. सांधे असे बसव की गवंड्यांनी बघत ऱ्हावं."

"आणि काच?"

"ती कशाला मधे?"

तिथूनच त्यांनी मंडळाच्या चिटणीसाला, सुहासला, मुंबईला फोन लावला. "प्लास्टर रद्द. होय, चिरा उघडाच. गरिबी कसली रे? चिरेबंदी विहार हाय आपला, चिरेबंदी! तुला पटत नसेल तर हिकडं ये आणि दर्शनासमोर बसून बोल. मी तिला काम सुरू करायला सांगितलंय."