ग्रॅव्हिडा दोन

बाळांनो, परवा टोरांटोहून फोनवर तुम्ही सहज विचारलंत, "नलूआजीला मुलं नव्हतीच ना?" मी "नाही" म्हटलं. तिला जाऊन तेव्हा दहाच दिवस झाले होते. ते उत्तर खोटं होतं, म्हणून हे लिहिते आहे.

नलू माझी धाकटी जाऊ. लग्नानंतर वर्षभर ती दोघं चंदीगडजवळच्या खरड गावी भाड्यानं राहिली, मग चंदीगडला आमच्याकडे आली. मी शाळेत जीवशास्त्र शिकवायची आणि शब्दांची लॅटिन मुळं सांगण्याची मला भारी हौस. नलूला सातवा लागला तशा सासूबाई साताऱ्याहून हिरवा चुडा घेऊन डोहाळजेवणासाठी आल्या. पहिलटकरणीचं कौतुक कसं करतात ते त्यांना पंजाबी शेजारणींनाही दाखवायचं होतं. दवाखान्याचं कार्ड टेबलावर होतं. त्यांनी ते माझ्यापुढे सरकवलं. "मास्तरीणबाई, काय खरडलंय हे डॉक्टरणीनं?"

मी चष्मा लावला. "ग्रॅव्हिडा दोन, पॅरा शून्य. लॅटिन आहे, आई. ग्रॅव्हिडा म्हणजे जड झालेली, गर्भार. पॅरा म्हणजे बाळंत झालेली. म्हणजे ही दुसरी खेप, आणि आधीची…"

पोळ्या लाटणाऱ्या नलूचे हात थांबले होते. खरड गावी असताना तिचं एक गेलं होतं, तिसऱ्या महिन्यात. नवऱ्याखेरीज कुणाला तिनं सांगितलं नव्हतं.

"दुसरी?" सासूबाई म्हणाल्या. "मग पहिलटकरीण म्हणून मिरवू कुणाला? फसवलंस की गं आम्हाला!"

चुडा पिशवीत परत गेला. "आई, मी चुकीचं वाचलं," एवढं म्हणता आलं असतं मला. नाही म्हटलं. अर्थ बरोबर होता, आणि बरोबर असण्याची मला सवय होती. आठव्या महिन्यात ते बाळही गेलं. पुन्हा दिवस राहिले नाहीत. डोहाळजेवण तिचं कधी झालंच नाही.

पुढे चाळीस वर्षं मी काही समजावू लागले की नलू म्हणायची, "ताई, लॅटिन नको हं, मराठीत सांगा." ती हसायची, मीही हसायची. माफी मागायची राहिली ती राहिलीच.

शेवटच्या आठवड्यात, दवाखान्यात, तिनं माझं मनगट धरलं. "ताई, नातवंडांना सांगा. मला दोन होती." मी मान हलवली… आणि तुम्ही विचारलंत तेव्हा "नाही" म्हणाले.

तिला दोन होती. एक तीन महिन्यांचं, एक आठ. सासूबाई नाहीत, तुमचे आजोबा नाहीत, धाकटे आजोबाही नाहीत. हे माहीत असलेली मी एकटीच उरले होते. आता तुम्हालाही माहीत आहे.