हेल्पर पाहिजे, त्वरित भेटा

मी पत्रकं लिहिते. लोक ती जिना चढता चढता वाचतात, म्हणून वाक्य छोटं ठेवायचं आणि शेवटी उद्गारचिन्ह द्यायचं, म्हणजे वरच्या मजल्यापर्यंत राग टिकतो. संघटनेत आल्यावर पहिल्याच आठवड्यात मला हे शिकवलं होतं. महापालिकेच्या निवडणुकीआधी मी 'मंदी दारात उभी आहे!' हे पत्रक लिहिलं आणि फुलपाड्यातल्या झाडून सगळ्या बिल्डिंगांमध्ये स्वतः वाटलं. पत्रक गाजलं. इतकं गाजलं की आमच्याच घरावर उलटलं, पण ते मला नंतर कळलं.

आधी चर्चेचं सांगते. आमच्या इथल्या ज्येष्ठ नागरिकांनी सोसायटीच्या हॉलमध्ये 'रोजगार वाढला की घटला?' अशी चर्चा ठेवली. प्रत्येकाला तीन मिनिटं. अध्यक्ष होते एक निवृत्त मुख्याध्यापक, आणि वेळ संपली की ते स्टीलच्या ताटावर चमचा आपटणार होते. माझ्यासमोर सत्ताधाऱ्यांचा तरुण प्रवक्ता होता. कुर्त्याची इस्त्री अशी की बसताना तो आधी कुर्त्याला बसवायचा, मग स्वतः बसायचा.

"ताई, तुमचं पत्रक वाचलं," तो म्हणाला. "छान घाबरवता हं. पण मी घरात बसून लिहीत नाही, फिरतो. हे बघा गोखिवरे, आपली कारखान्यांची वसाहत."

भिंतीवर एकामागून एक फोटो यायला लागले. गाळे, गाळ्यांची शटरं, शटरांच्या बाजूला पत्र्याचे बोर्ड. कामगार पाहिजेत. पॅकिंगसाठी मुली पाहिजेत. हेल्पर पाहिजे, त्वरित भेटा.

"मंदीत कोणी माणसं मागतं का? गोखिवऱ्यात नोकऱ्या दारावर टांगल्यात, फक्त मागायला जा!"

टाळ्या पडल्या. मी मात्र शेवटच्या फोटोकडे बघत होते. त्यातल्या 'ह'चं शेपूट असं काही झोक्याने वळलं होतं की तसं या पृथ्वीवर एकच माणूस वळवतो. तो माणूस तिसऱ्या रांगेत बसला होता. ते माझे पप्पा.

पप्पा त्या गाळ्यात ऑपरेटर आहेत. बाटल्यांची झाकणं बनवायच्या मशीनवर, आणि अक्षर चांगलं म्हणून बोर्डही तेच रंगवतात. तिथे आठ माणसं होती ती पाचावर आली, हे मला घरात बसून माहीत होतं. चालणारी तीन मशीनं दोनावर आली, हेही. आता ह्या कुर्त्याला तीन मिनिटांत गुंडाळते, म्हणून मी उठले आणि म्हणाले, "तो शेवटचा बोर्ड..."

पप्पांनी मान हलवली. लहानपणी पाहुण्यांकडे मी दुसऱ्या लाडवाला हात घालायला लागले की हलवायचे, तशीच. अगदी थोडी.

मी पुढे काय बोलले ते आठवत नाही. धिक्कार हा शब्द बऱ्याचदा आला असावा. ताट वाजलं तेव्हा मला बरंच वाटलं.

घरी जाताना मी रस्त्यातच फुटले. "तीन वर्षं तो बोर्ड लटकलाय पप्पा. किती हेल्पर घेतले?"

"एक पण नाही."

"मग?"

"अगं तो माणसांसाठी नसतो. पार्टीसाठी असतो, म्हणजे गिऱ्हाइकासाठी. मुंबईहून पार्टी ऑर्डर घेऊन आली की आधी दार बघते. बोर्ड दिसला की तिला वाटतं, इथे काम धो धो आहे, माणसं पुरत नाहीत. बोर्ड काढला तर वाटतं, ह्याचा धंदा बसला. सगळी गल्ली असंच करते."

"मग हेच बोलू द्यायचं ना मला!"

"बोल की. उद्या शेठ विचारेल, आतलं बाहेर कोणी नेलं? आम्ही पाच जण आहोत. त्यातल्या चौघांच्या घरी पत्रकं लिहिणारं कोणी नाही."

मी विषय बदलला. "आणि पगारवाढीचं काय झालं? ह्या महिन्यात नक्की म्हणाला होता ना शेठ?"

दोन वर्षं पप्पांचा पगार सोळा हजारांवर थांबला होता. शेठची निर्मळला केळीची वाडी आहे, आणि माणूस तसा तोंडाचा गोड. पगाराचा विषय काढला की तो केळ्यांची फणी हातात देतो. दोन वर्षांत आम्ही खूप केळी खाल्ली. पण ह्या वेळी त्याने हिशेबनिसासमोर शब्द दिला होता.

"गेलो होतो विचारायला," पप्पा म्हणाले. "त्याने टेबलाच्या काचेवर बोट ठेवलं. काचेखाली तुझं पत्रक आहे. म्हणाला, मी नाही म्हणत हो, तुमची मुलगीच लिहिते. मंदी दारात उभी आहे. अशा वेळी मालकाकडे वाढ मागायची असते का?"

म्हणजे रस्त्याकडे तोंड करून हा माणूस सांगत होता की माणसं पुरत नाहीत. आत तोंड करून सांगत होता की मंदी आहे. बाहेरच्या थापेला माझ्या बापाचं अक्षर आणि आतल्या सबबीला माझं. पैसे दोघांनाही नाहीत!

त्या आठवड्यात मी नवं पत्रक काढलं. त्यात माझं एकही मत नव्हतं, फक्त प्रवक्त्याचं वाक्य होतं, जसंच्या तसं, मोठ्या टाईपात, खाली त्याच्या पक्षाच्या पदासकट: 'गोखिवऱ्यात नोकऱ्या दारावर टांगल्यात, फक्त मागायला जा!' आणि त्याखाली: सोमवारी सकाळी नऊ वाजता सगळ्यांनी मागायला जाऊ या.

मला वाटलं होतं वीसेक जण येतील आणि एक बरा फोटो मिळेल. समोरच्या चहाच्या टपरीवरून मी मोजायला लागले आणि शंभरावर सोडून दिलं. पदवीवाले होते, बारावीवाले होते, मुलांना शाळेत सोडून आलेल्या बायका होत्या. खोटं सांगत नाही, मी जरा वरमले. थट्टा म्हणून बोलावलं होतं, आणि लोक इस्त्रीचे शर्ट घालून, कागदपत्रांच्या फाइली घेऊन आले होते.

त्यांच्यात प्रवक्त्याच्या पक्षाची दोन पोरंही होती, जी चर्चेत पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होती.

"ताई, फोटो नको काढू प्लीज. दादाला कळेल."

"तुमच्या दादानेच सांगितलं ना, नोकऱ्या आहेत म्हणून?"

"म्हणून तर आलो!"

अर्ध्या तासात गल्लीतले बोर्ड पटापट आत जायला लागले. पाऊस आल्यावर दोरीवरचे कपडे ओढावेत तसे. एका गाळेवाल्याने तर शटर पाडून आतून कुलूप लावलं. आमच्या शेठने बोर्ड आत घेतला, मग फोन कानाला लावून गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात प्रवक्त्याला विचारलं, "अहो, तुम्हाला मागायला जा म्हणून सांगायला कोणी सांगितलं होतं?" माझं नाव कुठेच नव्हतं. मी दुसरा चहा घेतला.

नेमकी तेव्हा पांढऱ्या गाडीतून पार्टी उतरली. बाटलीबंद पाण्याच्या धंद्यातला माणूस, मोठी ऑर्डर द्यायच्या बेतात असलेला. उतरल्या उतरल्या त्याने शटरच्या बाजूची रिकामी खिळ्यांची जागा बघितली.

"काय शेठ, बोर्ड काढलात? काम कमी झालं वाटतं."

"छे छे! रंगवायला घेतलाय," शेठ म्हणाला, आणि आत बघून ओरडला, "ओ, झाला का बोर्ड? आणा बाहेर!"

पप्पा बोर्ड आणि रंगाचा डबा घेऊन आले. तोवर लोकांनी पुन्हा दार घेरलं होतं. बोर्ड लावला तर गर्दी आत शिरते, नाही लावला तर पार्टी जाते. शेठचा चेहरा मी टपरीवरून बघत होते आणि मला फार आनंद होत होता.

"शेठ, मी सांगू का?" पप्पा हळूच म्हणाले, हे मला नंतर कळलं. "खाली पगार लिहू या. पगार वाचला की गर्दी आपोआप जाईल."

शेठला हे एकदम पटलं. "लिहा, तेरा हजार."

पप्पांनी एक काढला, आणि त्याच्यापुढे तीन. वाचणाऱ्यांतले काही तिथेच वळले. पण पार्टीही वाचत होती.

"तेरा?" पार्टी म्हणाली. "तेरात माणूस किती दिवस टिकतो? अर्धी ऑर्डर झाल्यावर पळाला तर माझी झाकणं कोण करणार?"

"अहो, तो जुना आकडा. चुकून लिहितायत," शेठ म्हणाला. "अठरा लिहा, अठरा."

पप्पांनी फडक्याने आकडा पुसला. मग इतक्या सावकाश अठरा लिहिले की मी टपरीवरून ओरडणारच होते. लिहून झाल्यावर ब्रश डब्यावर आडवा ठेवला आणि शेठकडे न बघता, बोर्डाकडे बघतच विचारलं, "शेठ, हेल्परला अठरा. मग ऑपरेटरला किती?"

पार्टीनेही शेठकडे बघितलं. "हो, ऑपरेटरला किती देता?"

"वीस," शेठ म्हणाला. आवाज बाहेर आला खरा, पण तो आतून ढकलल्यासारखा.

संध्याकाळी पप्पा घरी आले ते जेवायलाही बसले नाहीत. "कागद काढ," म्हणाले. "तोंडी वीस म्हणालाय. पार्टी ऑर्डर देऊन गेली, उद्या हा विसरेल. अर्ज लिहून दे, सही घेतो."

मी लिहायला बसले. दीड पान झालं. शोषण आलं, महागाई आली, दोन वर्षांचा अन्याय आला. पप्पांनी चष्मा लावून वाचलं आणि पेनाने खोडायला लागले. शोषण गेलं. महागाई गेली. उद्गारचिन्हं सगळी गेली.

"पप्पा, ह्यात काही उरलंच नाही."

"दोन ओळी उरल्यात. तेवढ्याच तो वाचणार आहे."

सकाळी ते त्या दोन ओळी घेऊन गेले. दुपारी त्यांनी सहीचा फोटो पाठवला, खाली शेठचा शिक्काही होता. इतकी पत्रकं लिहिली मी आजवर, पण मी लिहिलेलं वाचून समोरच्याने मुकाट्याने कबूल केलं, हे पहिल्यांदाच घडलं. त्यातही निम्मं श्रेय खोडणाऱ्याचं, असं पप्पा म्हणतात. मी वाद घातला नाही.