लाइन गेल्यावरचा वर्ग

शाळेत तंत्रज्ञान आलं की शिक्षण किती सुधारतं ते मला ठाऊक नाही, किस्से मात्र हमखास वाढतात! परतवाड्याजवळच्या आमच्या शाळेत एकच स्मार्ट बोर्ड आला, तोही वानखडे मॅडमच्या तिसरीत, आणि आम्हा मास्तरांच्या डब्याला रोज नवं तोंडी लावणं मिळू लागलं.

मॅडमच्या वर्गाचा एक नेम आहे. उशिरा येणाऱ्याला त्या विचारतात, "उशीर काऊन झाला?" कारण सांगायचं आणि मुकाट्यानं शेवटच्या बाकावर बसायचं. अमरावतीला ज्ञानरचनावादाचं प्रशिक्षण होतं, तिथे अकोल्याचे तज्ज्ञ साहेब उशिरा दारात आले. मॅडमच्या तोंडून सवयीनं गेलंच! साहेबांनी गाडी अडकल्याचं सांगितलं आणि खरोखर शेवटच्या बाकावर जाऊन बसले. मूल आपलं ज्ञान आपणच रचतं, हे त्यांनी तिथूनच शिकवलं. आम्ही माना वळवून ऐकलं.

*

हेडमास्तर गावंडे सरांनी बोर्डाला हळदकुंकू वाहिलं. दुसऱ्या दिवशी त्याचा डाग तळहातानं पुसायला गेले, तर मॅडमनी लिहून ठेवलेला अख्खा भागाकार गायब! सर मागे सरले आणि त्यांनी पुन्हा हात जोडले.

*

आमच्याकडे विजेची लाइन सारखी जाते. मग बोर्ड काळा ठिक्कर पडतो आणि त्यात सगळा वर्ग दिसतो. पोरी त्यात वेण्या नीट करतात. मी मिशा बघतो, खोटं कशाला बोलू.

*

याच वर्गात फुलमती. घरी कोरकू बोलणारी. वर्गात तिनं कधी तोंड उघडलं नव्हतं. मॅडमनी प्रशिक्षणातलं सगळं करून पाहिलं. जोडीत बसवलं, चित्रं दाखवली, आवाज रेकॉर्ड करायला टॅब दिला. टॅबमध्ये नुसता पंखा ऐकू आला. मॅडम रडकुंडीला आल्या.

शेवटी वडील तिला घरी न्यायला आले. "बोलतच नाही त शाळेत ठेवून का करू? घरी ही लहान्याले सांभाळीन."

मॅडम व्हरांड्यात त्यांना विनवत राहिल्या. मधली सुटी संपल्याची घंटा झाली, लाइन गेली, तरी वर्गातून गलका येईना. म्हणून मॅडम, वडील आणि शेजारीच उभा असलेला मी, असे तिघं दाराशी गेलो.

फुलमती पोरांकडे पाठ करून, पट्टी घेऊन काळ्या बोर्डासमोर उभी होती. बोर्डात दिसणाऱ्या एकेका पोराकडे पट्टी रोखून ती भागाकार समजावत होती, अर्धा कोरकूत, अर्धा हुबेहूब मॅडमच्या आवाजात. पोरं गुपचूप ऐकत होती.

मॅडम आत शिरल्या. त्या तिला बोर्डात दिसल्या. वळून न बघता ती म्हणाली, "मॅडम, उशीर काऊन झाला?"

मॅडमनी कारण सांगितलं आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या. वडिलांनी दारात चपला काढल्या आणि तेही त्यांच्या शेजारी जाऊन बसले.