पिवळी माझी, पांढरी तुमची

रत्नागिरी तालुक्यात ज्याच्या डोळ्याची खालची पापणी या गृहस्थांनी निदान एकदा ओढून पाहिलेली नाही, असा माणूस एकतर कालच बदली होऊन आलेला असतो किंवा त्याने काळा चष्मा लावलेला असतो. माणसं भेटली की नमस्कार करतात, पाऊसपाण्याचं विचारतात. हे जवळ येत, समोरच्याची हनुवटी उजेडाकडे वळवत, अंगठ्याने पापणी खाली ओढत आणि मग कोण, कुठले, ते विचारत. एका लग्नात आहेर द्यायला म्हणून स्टेजवर चढले आणि पाकीट हातात तसंच ठेवून त्यांनी नवरदेवाची पापणी ओढली. नवरीच्या मामांनी त्यांना दंडाला धरून खाली उतरवलं, पण दुसऱ्या दिवशी याच मामांनी नवरदेवाला गुपचूप रक्त तपासायला माझ्याकडे पाठवलं, हेही खरं. रिपोर्ट चांगला आला. त्यांनी एसटीच्या कंडक्टरची पापणी ओढली, शाळेच्या बक्षीस समारंभाला आलेल्या प्रमुख पाहुण्यांची ओढली आणि पहिल्या भेटीत काउंटरवरून वाकून माझीही.

मी शहरातल्या एका पॅथॉलॉजी लॅबचं काउंटर सांभाळते. कोणाचे नमुने घ्यायचे, कोणाचे रिपोर्ट द्यायचे, कोणाला फोन करायचे, याची सकाळी यादी करायची आणि संध्याकाळपर्यंत एकेक ओळ खोडून घरी जायचं, ही माझी पद्धत. हा माणूस माझ्या कुठल्याच रकान्यात बसत नसे. पेशंट नव्हे, नातेवाईक नव्हे, डॉक्टर तर नव्हेच. मालगुंडच्या पुढच्या एका गावात त्यांच्या घरी काविळीचं औषध देण्याची रीत होती. ती आजीकडून त्यांच्याकडे आली. उपाशीपोटी यायचं, परसातल्या कसल्याशा पाल्याचा रस ताकातून घ्यायचा, असं तीन सकाळी, आणि नंतर पथ्य. पथ्य भयंकर असे. तेल नाही, तिखट नाही, मासे तर नाहीतच, नुसती पेज आणि पडून राहणं. आमच्याकडे समुद्रकाठच्या माणसाला मासे सोडायला सांगणं म्हणजे घर सोडायला सांगण्यासारखंच. तरी लोक ऐकत, कारण हे अचानक येऊन चुलीवरची झाकणं उघडून पाहत. सगळे त्यांना काविळीवाले काका म्हणत, मीही तेच म्हणू लागले.

आमच्या लॅबचे डॉक्टर पहिल्यांदा त्यांच्यावर चिडले होते. पावसाळ्यात दूषित पाण्याने होणारी कावीळ बहुतेकांची विश्रांतीने आपोआप बरी होते, तुमच्या पाल्याने नाही, उलट नको तो पाला यकृताला बाधतो, असं त्यांनी काकांना स्पष्ट ऐकवलं. काका शांतपणे म्हणाले, "विश्रांतीने होते ना? मग ती विश्रांती घ्यायला कोण लावतो? तुमचं कोण ऐकतं?" शेवटी दोघांचा करार झाला. काकांनी रिपोर्ट पाहिल्याशिवाय कोणाला औषध द्यायचं नाही. हा करार काकांनी इतका मनावर घेतला, की पावसाळ्यात सकाळी मी शटर वर करायच्या आधीच पायरीवर चार-पाच पिवळे चेहरे आणि त्यांच्यापुढे येरझारा घालणारे काका दिसत. "पिवळी माझी, पांढरी तुमची," असं म्हणून ते माणसं माझ्या हवाली करत. पांढरी कावीळ म्हणजे रक्तातून पसरणारी, हेपटायटिस बी. ती निघाली की माणूस डॉक्टरांकडे. पित्ताच्या नळीत खडा निघाला तरी डॉक्टरांकडेच. अशी कितीतरी माणसं त्यांनी वेळेवर पाठवली.

रिपोर्ट येईपर्यंत ते कधी बसले नाहीत. पाण्याच्या फिल्टरपासून दारापर्यंत, दारापासून कॅलेंडरपर्यंत अशा त्यांच्या खेपा चालत आणि मधल्या वाटेत बाकावर बसलेल्यांच्या पापण्या. हेपटायटिस सी नुसत्या गोळ्यांनी पुरता बरा होतो, ही बातमी त्यांनी मला मेहुण्याला बढती मिळाल्यासारख्या आनंदाने सांगितली. पोटावर यंत्र टेकवून यकृत किती कडक झालंय ते कळतं, सुई घालावी लागत नाही, हे ऐकल्यावर ते यंत्र पाहायला ते कोल्हापूरला जाऊन आले. तिथे त्यांना कोणी आत सोडलं नाही, पण बाहेर बसलेल्यांच्या पापण्या पाहून आले, म्हणजे फेरी अगदीच वाया गेली नाही.

त्यांचा सगळ्यात कडक नियम मात्र दुसऱ्यांसाठी नव्हता. आजीने घालून दिलं होतं, की ज्याला औषध दिलं त्याच्याकडचं आयुष्यात काही घ्यायचं नाही. पैसा नाही, नारळ नाही, घोटभर चहासुद्धा नाही. घेतलं की हातगुण गेला. काका याचा अर्थ फार लांबवर नेत. ज्याला यकृत आहे तो आज ना उद्या आपल्याकडे येणार, तेव्हा कोणाचंच घेऊ नये. खांद्याला पाण्याची बाटली अडकवून ते हिंडत. संगमेश्वरला दिलेल्या लेकीकडे जातानाही जेवणाचा डबा घेऊन जात, कारण लहानपणी तिला कावीळ झाली असताना औषध त्यांनीच दिलं होतं. लेकीची सासू वाढायला उभी आणि हे पाटावर बसून आपला डबा उघडतायत, या दृश्यावरून त्या घरात बरेच दिवस धुसफूस चालली होती.

जगाचे डोळे पाहणाऱ्या या माणसाचे डोळे कोणी पाहिले नव्हते. ते पाहिले एका म्हाताऱ्या पेशंटबाईंनी. काका त्यांची पापणी ओढायला वाकले, तेव्हा त्या मागे सरून म्हणाल्या, "आरं, माजे डोले काय बघतोस, तुजेच पिवले झालेत." बाकावरची माणसं हसली. काकाही हसले. मी हसले नाही. मी त्यांना हाताला धरून आत नेलं आणि रक्त घेतलं. एरवी बडबडणारा तो माणूस सुई टोचत असताना भिंतीकडे पाहत होता.

यकृत आक्रसलं होतं. काका जन्मात दारूला शिवले नव्हते, इतकंच नाही, दारू पिणाऱ्यांना त्यांनी चारचौघांत पुष्कळ ऐकवलं होतं. आता ज्याला त्याला सांगत फिरायची पाळी त्यांच्यावर आली, की बाबांनो, यकृतावर चरबी साठून, मधुमेहाने, न पिणाऱ्याचंही यकृत असंच होतं, आणि हल्ली फार जणांचं होतंय. गावात दोन-चार जण मान डोलावत आणि पाठ वळली की अंगठा तोंडाकडे नेऊन दाखवत. काकांना पोटातल्या पाण्यापेक्षा याचा त्रास जास्त झाला. पोटात पाणी व्हायला लागलं होतंच. ते काढलं की पुन्हा भरे. मग विसर सुरू झाला. एका सकाळी त्यांनी मला एकाच पेशंटचा रिपोर्ट दोनदा मागितला, आणि दोन्ही वेळा पहिल्यांदाच मागत असल्यासारखा. यकृत गाळत नाही तेव्हा विष मेंदूपर्यंत जातं, हे त्यांनीच मला कधीतरी समजावलं होतं. त्या दिवशी माझी यादी संध्याकाळी अर्धी तशीच राहिली.

मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, यकृत बदलायचं. मृत व्यक्तीच्या दानासाठी नाव नोंदवलं, पण ती रांग लांब आणि काकांकडे तेवढा वेळ दिसत नव्हता. दुसरा मार्ग म्हणजे जवळच्या नातेवाइकाने आपल्या यकृताचा भाग द्यायचा. त्यांची लेक पुढे आली. रक्तगट जुळत होता, नवऱ्याची संमती होती. पैशाची जुळवाजुळव गावाने आणि नातलगांनी कशी केली तो वेगळा विषय, तो इथे नको. जायच्या दिवसापासून बॅगेतल्या टॉवेलपर्यंत सगळं मी लिहून काढलं. आणि काका नाही म्हणाले.

कारण लेकीने ऐकून घेतलं. ती त्यांना परत एकदा रक्ततपासणीच्या निमित्ताने माझ्याकडे घेऊन आली आणि मला म्हणाली, ताई, तुम्हीही थांबा. नमुने घेतो त्या आतल्या खोलीत आम्ही तिघं. काका उभे, खिडकीपासून दारापर्यंत फेऱ्या घालत. पाय सुजलेले, तरी उभेच.

"ज्याला औषध दिलं त्याचं घ्यायचं नाही," ते म्हणाले. "तुझ्याकडे मी पाणी पीत नाही, आणि तू पोट फाडून देतेस. कसं घेऊ?"

"बाबा, माझं औषध आठवतंय?"

"आठवतंय म्हणजे? तीन सकाळी माझ्या हाताने पाजलं."

"मी ते प्यायलेच नाही. तोंडात धरून ठेवायची. तुम्ही वाटी धुवायला वळलात, की गोठ्यामागे जाऊन थुंकायची."

काका थांबले. "तिन्ही सकाळी?"

"तिन्ही. कडू होतं."

"मग बरी कशी झालीस?"

"पडून राहिले. आई पेज द्यायची. झाले बरी."

काकांनी लेकीची पापणी ओढून पाहिली, सवयीने. मग बराच वेळ अंगठा तिच्या गालावर तसाच राहिला.

"म्हणजे तू माझी पेशंट नव्हतीसच कधी."

"नव्हते. म्हणून तर सांगतेय."

ते माझ्याकडे वळले. "ताई, मुंबईचं लिहून ठेवा. जाऊ."

गाडीचं आरक्षण मी त्याच दुपारी केलं. पण मला घरी जाताना चैन पडेना. लेकीने त्यांना वाचवायला त्यांचं आयुष्यभराचं औषधच काढून घेतलं होतं, हे तिलाही कळत होतं आणि त्यांनाही. पुढे एकदा मी तिला विचारलं, खरंच थुंकत होतीस का गं. ती म्हणाली, "गोठ्यामागे आता फणस आहे, त्याला विचारा." मी तो विषय तिथेच सोडला.

मुंबईत वेगळीच अडचण निघाली. लेकीच्याच यकृतावर थोडी चरबी सापडली. आधी वजन उतरवा, मग बघू, असं डॉक्टर म्हणाले. वेळ नव्हता, आणि सगळ्यांचे चेहरे उतरले. काका तेवढे तरतरीत झाले. त्यांनी लेकीला पथ्य लावलं. तेल बंद, गोड बंद, सकाळ-संध्याकाळ चालणं. संगमेश्वरला तिच्या सासूला रोज फोन करून आज काय शिजवलं ते विचारू लागले, आणि इतकी वर्षं डब्यावरून रुसलेली ती बाई त्यांना रोज खरं खरं सांगू लागली. पुन्हा यंत्र लावलं तेव्हा चरबी उतरली होती. पथ्य काय केलंत, असं तिथल्या आहारतज्ज्ञ बाईंनी विचारलं, तर काकांनी त्यांना चुलीवरची झाकणं उघडण्याचं महत्त्व समजावून सांगितलं.

ऑपरेशन झालं. लेकीच्या यकृताचा उजवा भाग काकांना लावला, आणि तिचं उरलेलं काही महिन्यांत वाढून जवळपास पूर्वीएवढं झालं. तिची काविळीची नव्हे, पण पोटावरच्या व्रणाची तक्रार मात्र थंडीत अजून असते. काकांना आता जन्मभर गोळ्या, दर काही दिवसांनी रक्त आणि तोंडाला मास्क. औषध देणं त्यांनी बंद केलं. परसातला तो पाला कोणी खुडत नाही, म्हणून दगडी गडग्यावरून पलीकडे गेलाय. माणसं अजून सकाळी उपाशीपोटी येतात. काका ओटीवरूनच सांगतात, आधी लॅब, मग डॉक्टर, आणि घरी जाऊन झोपा, मी बघायला येईन.

औषधच बंद, तेव्हा नियमही उरला नाही म्हटल्यावर चहाला बोलावणारी घरं इतकी निघाली, की मी यादी केली असती तर पानं पुरली नसती. आणि डॉक्टरांनी त्यांचं बाहेरचं खाणंपिणं बंद केलेलं. परवा रक्त द्यायला आले तेव्हा मी घरून थर्मासमध्ये चांगला उकळलेला, बिनसाखरेचा चहा आणला होता. मास्क खाली करून त्यांनी आधी थोडा बशीत ओतला आणि बशी माझ्याकडे सरकवली.

"अर्धा तुम्ही घ्या. अर्ध्यावर भागतं, मला ठाऊक आहे."

इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडचं घेतलेलं ते पहिलं. चहा संपल्यावर मास्क वर गेला. बाकावर एक अनोळखी माणूस बसला होता, त्याच्याकडे काकांचा हात सवयीने निघाला आणि अर्ध्यावरून खिशात गेला. कोणाला हात लावायचा नाही, असंही सांगितलंय.

मग ते माझ्यापुढे आले. "ताई, तुमची तुम्हीच ओढा बघू."

मी पापणी खाली ओढली. त्यांनी लांबूनच नीट पाहिलं. "पांढरे आहेत," ते म्हणाले.

पण ते गेले नाहीत. फिल्टरकडे नाही, दाराकडे नाही, कॅलेंडरकडे नाही. काउंटरपुढे, दारातून येणाऱ्या उजेडात, स्वतःच्या बोटाने स्वतःची पापणी खाली ओढून, न हलता उभे राहिले. ते कशाची वाट पाहतायत हे कळायला मला थोडा वेळ लागला.

"पांढरे आहेत, काका," मी म्हटलं.