डावी पाकळी

मी बी.एस्सी. झालेला माणूस, घराण्यातला पहिला पदवीधर. कौल, अंगारे यांवर कधी विश्वास ठेवला नाही... आजही नाही. तरीही हे लिहितोय.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा उन्हाळा. सोलापुरात सात रस्त्याजवळ खोली घेऊन राहायचो. नोकरी देवीची लस टोचण्याची. अक्कलकोटच्या बाजूला एका वस्तीवर देवीचा रोगी सापडला, म्हणून शेजारच्या वाडीत गेलो. सगळे टोचून झाले, एकच घर राहिलं — दामूअण्णांचं. चार महिन्यांचं बाळ.

"गावदेवीचा कौल घेतल्याबिगर न्हाई," अण्णा म्हणाले.

देऊळ घरासमोरच होतं. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओली पाकळी चिकटवायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

"तुमीच लावा की सायेब. मागनं म्हणायला नको, आमी फसवलं."

बाळाच्या आईनं, कस्तुराबाईंनी, नुकतंच गूळ-पाणी दिलं होतं. गुळाचा खडा हातात होता. मी डावी पाकळी गुळानं घट्ट दाबली, उजवी नुसती टेकवली. लबाडी होती, कबूल. पण बाळ वाचायला हवं होतं.

वारा अजिबात नव्हता. लशीच्या थर्मासमधला बर्फ वितळत चालला होता. उजवी सुकली, तिची कड वर वळली... पडेना. आणि डावी सुटली.

"न्हाई म्हणाली," अण्णा उठले.

"पुन्हा लावू?"

"देवीला दोनदा इचारत न्हाईत."

कस्तुराबाई उसळल्या. "म्हस घ्यायच्या वक्ताला तीनदा इचारलं की! व्हय म्हणंस्तवर उठला न्हाईत!" त्यांनी बाळाचा दंड पुढे केला. "टोचा सायेब."

"काय झालं तर?" अण्णांनी दरडावलं.

"माज्यावर."

मी टोचलं. मग मूर्तीकडे पाहिलं. गूळ दगडावर तसाच होता. पाकळी उचलली — स्वच्छ, गुळाचा कणही नाही.

आठव्या दिवशी फोड बघायला गेलो, तर दारात गर्दी. बाळ तापलेलं. लशीनं ताप येतोच, पण कोण ऐकणार? "देवीनं सांगितलं हुतं!" कस्तुराबाई बाळाच्या कपाळावरची ओली पट्टी बदलत होत्या. मी दोन दिवस ओट्यावर बसून काढले. ताप उतरला. तीच माणसं म्हणाली, "देवीनंच राखलं."

पुढे नव्या टोचणाऱ्यांना मी ही हकीकत नेहमी सांगायचो — माणूस सोयीचं तेवढंच लक्षात ठेवतो, म्हणून. गुळाचं मात्र गाळायचो. ती पाकळी कशी सुटली, मला अजून कळलेलं नाही. आणि ते सांगितलं असतं, अन् ऐकून एखाद्या आईनं बाळाचा दंड मागे घेतला असता तर?