सामाईक पानाचं कुलूप

नव्वदच्या आसपासची गोष्ट. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, एका रसायन कारखान्यात लॅबच्या मागच्या खोलीत आम्ही दोघं कॉम्प्युटरचं काम करायचो. मी पालघरचा. माझा मित्र घाटावरचा, बोईसरला भाड्याच्या खोलीत राहणारा.

मालकांना दुसरा कॉम्प्युटर घ्यायचा नव्हता. म्हणून एकाच यंत्रात दोन यंत्रं चालवायची ठरली, व्हर्च्युअल मशीन म्हणतात ती. प्रत्येकीला वाटावं, सगळा कॉम्प्युटर आपलाच. एकीत मीटरवरून टाकीकडे आजवर एकूण किती ॲसिड गेलं ते मोजणारा प्रोग्रॅम, दुसरीत त्या आकड्यावरून व्हॉल्व्ह बंद करणारा. हा दुसरा माझ्या मित्राचा. दोघींच्या खाली राहून त्यांना आळीपाळीने वेळ देणारा मूळ प्रोग्रॅम, म्हणजे कर्नल, माझा.

दोघींना एकमेकींचं काही दिसत नसे. तो एक आकडा मात्र दिसायला हवा होता. त्यासाठी मी मेमरीचं एक पान दोघींत सामाईक ठेवलं. पहिलीने लिहायचं, दुसरीने वाचायचं. आकडा एका खणात मावत नसे, म्हणून दोन खणांत लिहिला जाई, आधी वरचा, मग खालचा. एक खण लिहून झाला आणि नेमका तेव्हाच कर्नलने दुसरीला वेळ दिला, तर तिच्या हाती अर्धा नवा आणि अर्धा जुना आकडा यायचा. म्हणून माझ्या आराखड्यात कुलूप होतं. लिहिणं पुरं होईपर्यंत दुसरीला पान उघडायचंच नाही.

ते मी काढलं. मालकांना दाखवायच्या दिवशी पडद्यावरचा आकडा कुलपापाशी थांबून थांबून अडखळत होता.

"हे काय, बैलगाडी घेतली का आपण?" मालक म्हणाले. सगळे हसले, मीही.

दुपारी कुलूप निघालं आणि आकडा सुळसुळ पळायला लागला. मित्राला सांगायचं राहून गेलं, असं मी पुढे कितीतरी वर्षं मनाला सांगत आलो. राहून गेलं नव्हतं. 'मग मी कोणाच्या भरवशावर वाचू?' असं त्याने विचारलं असतं. आणि मला कुलूप परत बसवायला लावलं असतं.

बरेच महिने काही झालं नाही. अशा चुकांचं तसंच असतं. मग एका सकाळी त्याच्या प्रोग्रॅमने भरणी सुरू करताना मीटरचा आकडा वाचला तो नेमका अर्धवट, खऱ्यापेक्षा कितीतरी मोठा. त्या आकड्यापुढे जेवढी वाढ, तेवढं ॲसिड टाकीत पडलं असं धरायचं, आणि खरा आकडा तर मागेच होता, म्हणजे त्याच्या हिशेबी टाकीत अजून थेंबही पडला नव्हता. व्हॉल्व्ह उघडाच राहिला. टाकी भरून वाहिली. खाली जवळच्या पाम गावचा एक कंत्राटी कामगार फरशी धूत होता. गुडघ्यापर्यंत भाजला.

"मला वाटला पाणी हाय," जीपमध्ये घालताना तो एवढंच म्हणत होता.

जीप फाटकाबाहेर पडली, सगळे अजून आवारातच होते. मी आत जाऊन कुलूप परत बसवलं.

संध्याकाळी मालकांनी दोघांना समोर उभं केलं. "व्हॉल्व्ह कोणाचा?"

"माझा, साहेब," मित्र म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "पानाला कुलूप आहे ना?"

"आहे," मी म्हटलं. आणि तोपर्यंत ते खरं झालेलं होतं.

"मग वाचणाऱ्याचीच चूक, साहेब." हे तो स्वतःहून बोलला. त्याची नोकरी गेली. पडदा पुन्हा अडखळायला लागला, पण आता कोणी बैलगाडी म्हणालं नाही.

तो गावी परतला, कॉम्प्युटरचा क्लास काढला, कारखान्याचं काम पुन्हा कधी घेतलं नाही. आमचं जाणं-येणं मात्र टिकलं, ते त्याच्याच चांगुलपणाने.

मागच्या वर्षी तो पालघरला आमच्याकडे जेवायला होता. माझी मुलगी आता हेच शिकते. तिला तो सांगत होता, "एका माणसाचे पाय माझ्यामुळे भाजले, बाळा. आकडा दोनदा वाचून ताडून पाहायला हवा होता. मी एकदाच वाचला."

"पण काका, लिहिताना लॉक नव्हतं?"

"होतं की. तुझ्या बाबानेच लावलेलं."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. लॉक असेल तर आकडा चुकीचा वाचलाच कसा गेला, हा हिशेब तिला जुळत नव्हता, आणि तिने विचारायच्या आत मी म्हणालो, "नव्हतं. मी काढलं होतं. तो माणूस भाजल्यावर परत लावलं."

मित्राने हातातला घास ताटात ठेवला. शिव्या देईल, उठून जाईल, असं मला वाटलं. त्यातलं काहीच झालं नाही. त्याने त्या पामच्या माणसाचं नाव घेतलं. इतक्या वर्षांत ते मी विसरलो होतो.

"त्याला सांगितलंस?" त्याने विचारलं.

पाम आमच्या घरापासून काही लांब नाही.

"नाही," मी म्हटलं.