मलावीतल्या बेडला ताण

"महिनाअखेरीला हे पाणी विहिरीकडे जाताना दिसलं, तर बाळंतपणाचा वॉर्ड बंद करीन," एवढं सांगून हेल्थ इन्स्पेक्टर निघून गेला.

मलावी देशातल्या एका खेड्यातलं हॉस्पिटल. मध्य प्रदेशात सौसरला नगरपालिकेत सांडपाण्याच्या कामातच माझी नोकरी सरली. रिटायर झाल्यावर मी इथे व्हॉलंटियर इंजिनियर म्हणून आले होते. हॉस्पिटलचं सांडपाणी तीन बेडमध्ये जायचं. बेड म्हणजे गिट्टीने भरलेला उथळ हौद, वर लव्हाळं लावलेला. गिट्टीतून झिरपताना पाणी साफ होतं. इथे ते झिरपतच नव्हतं. गिट्टीत चिकट गाळ बसला होता आणि पाणी कडेने विहिरीकडे सरकत होतं.

प्रोजेक्ट मॅनेजर म्हणाला, "सगळी गिट्टी काढून नवी भरू."

"तेवढे दिवस वॉर्ड बंद राहील."

"मग काय करायचं?"

"एका बेडचं पाणी तोडायचं. उन्हात वाळू द्यायचा."

"म्हणजे काहीच करायचं नाही?"

"तेच तर कठीण असतं."

मी सौसरजवळ बोरगावला संत्र्याच्या बागेत वाढलेली. आमच्याकडे मे महिन्यात झाडांचं पाणी तोडतात, अगदी पानं मलूल होईपर्यंत. याला ताण देणं म्हणतात. नंतर पाणी मिळालं की झाड फुलतं. गाळ काही फुलत नाही, पण कोरडा पडला की तडकतो आणि पाण्याला वाट मिळते.

पाणी कडेने बाहेर पडू नये म्हणून बाकी दोन बेडना मातीचे बांध चढवले, हॉस्पिटलची लॉन्ड्री कमी केली आणि पहिल्या बेडचा व्हॉल्व्ह बंद केला. लव्हाळं पिवळं पडायला लागलं. एका सकाळी जाऊन पाहते तर बेड पुन्हा ओलाचिंब. बाजूला मॅट्रन ग्रेस, हातात रिकामी बादली.

"बिचारं मरत होतं हो," ती म्हणाली.

मी इतकी चिडले की तडक खोलीवर आले आणि बोरगावला दादाला फोन लावून सगळं सांगितलं. तो हसतच सुटला.

"तिथंबी मायच भेटली का तुले? मी ताण देऊन राहिलो, अन् माय गुपचूप झाडाले गडवा गडवा पाणी टाकून राहिली होती."

"मंग तू काय केलं?"

"तिलेच राखणीले बसवलं. आता मलेबी बादलीले हात लावू देत नाही."

मी व्हॉल्व्हच्या पेटीची किल्ली ग्रेसच्या हातात दिली आणि बेड का वाळवायचा ते समजावलं. तिने किल्ली गळ्यात अडकवली. त्यानंतर मॅनेजरलाही बेडजवळ फिरकायची चोरी झाली. गाळ वाळला, त्याला भेगा पडल्या.

महिनाअखेरीला इन्स्पेक्टर आला. ग्रेसने त्याच्यासमोर व्हॉल्व्ह उघडला. पाणी बेडवर पसरलं आणि बघता बघता गिट्टीत गडप झालं. इन्स्पेक्टर कडेकडेने विहिरीपर्यंत चालत गेला. जमीन कोरडी होती. वॉर्ड चालू राहिला. मला इतका आनंद झाला की मी मॅनेजरलाच मिठी मारली.

आता तिथे पाळीपाळीने एक बेड ताणावर असतो आणि किल्ली अजून ग्रेसच्याच गळ्यात आहे. ज्याच्या दयेने काम बिघडतं, राखण त्यालाच द्यावी. नोकरीभर मी मात्र अशा माणसांना दूर ठेवायला कुलपं बदलत बसले.